कंपवातातील वाणी आणि मराठी वाक्याचा शेवट

कंपवाताचे नाव निघाले की डोळ्यांपुढे येतो तो थरथरणारा हात. परंतु या विकाराने ग्रासलेल्या माणसाच्या घरी थोडा वेळ बसले, तर हाताच्या कंपापेक्षाही क्लेशदायक अशी एक गोष्ट ध्यानात येते. तो बोलतो आणि त्याचे बोलणे कोणाला ऐकू जात नाही. घरची माणसे दोनदा "काय म्हणालात?" असे विचारतात, तिसऱ्यांदा अंदाजाने मान डोलावतात आणि पुढे पुढे तो बोलणेच सोडून देतो. आजोबा आताशा अबोल झाले, असे मग शेजारीपाजारी म्हणू लागतात. वस्तुतः त्यांना सांगावयाचे पुष्कळ असते. ही वाणी क्षीण का होते, तिला सावरण्याचे कोणते उपाय आहेत आणि मराठी भाषकाच्या बाबतीत त्यांत कोणता विशेष विचार करावा लागेल, याचे विवेचन प्रस्तुत निबंधात करावयाचे आहे.

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत वाणी दुर्बोध होत जाते हीही नोंद आहे. मध्यमेंदूतील विशिष्ट पेशी नष्ट होत जाऊन डोपामीन हे द्रव्य कमी पडते, हे विकाराचे मूळ पुढे विसाव्या शतकात उलगडले. ज्या लेव्होडोपा या औषधाने ही उणीव भरून काढली जाते, ते आपल्याकडील खाजकुयलीच्या बियांतून मद्रास येथील दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच वेगळे केले होते. रुग्णांवरील उपचारांत ते १९६० नंतरच्या दशकात आले. या औषधाने हातापायांच्या हालचालींना जो आराम पडतो, तो वाणीला मात्र त्या मानाने पडत नाही. मेंदूत विद्युत्तारा बसविण्याच्या शस्त्रक्रियेने तर कित्येकदा कंप कमी होतो, पण बोलणे अधिक अस्पष्ट होते. म्हणून वाणीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

उच्चार ही छाती, कंठ आणि मुख यांच्या अनेक स्नायूंची मिळून होणारी हालचाल आहे. कंपवातात प्रत्येक हालचालीचा आवाका आखडतो. पावले आखूड पडतात, अक्षर बारीक होत जाते आणि त्याच न्यायाने श्वास अपुरा पडतो, स्वरतंतू पुरते मिटत नाहीत, जीभ व ओठ आपल्या स्थानापर्यंत पोचत नाहीत. डार्ली, अ‍ॅरन्सन व ब्राउन या अमेरिकन संशोधकांनी १९६९ साली वाग्दोषांचे जे वर्गीकरण केले, त्यांत या प्रकाराला स्वतंत्र स्थान दिले. त्याला मराठीत 'अल्पगतिक वाग्दोष' म्हणता येईल. हलका व एकसुरी आवाज, त्यातील घोगरेपणा किंवा श्वासमिश्रितता, अस्पष्ट व्यंजने आणि मधूनच शब्दांची घाईगर्दी ही त्याची लक्षणे होत. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २०० रुग्णांपैकी ८९ टक्के रुग्णांच्या आवाजात दोष आढळला होता.

परंतु केवळ स्नायूंच्या आखडण्याने या विकाराचा पुरता उलगडा होत नाही. रुग्णाचा आवाज सामान्यतः २ ते ४ डेसिबलने उतरलेला असतो. ३ डेसिबलने आवाज उतरला म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्म्यावर आली असे समजावे. तथापि रुग्णाला स्वतःला आपण नेहमीसारखे बोलत आहोत असेच वाटते. घरच्यांचेच कान गेले, अशी त्याची तक्रार असते. त्याला "मोठ्याने बोला" म्हटले, तर तो एक वाक्य खणखणीत बोलतो. पुढच्याच वाक्याला आवाज पूर्ववत उतरतो. यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, आवाज काढण्याची शक्ती पुष्कळशी शिल्लक आहे. दुसरी, तो किती काढावयाचा याचे आतले माप बिघडले आहे. कोठीत धान्य भरपूर असावे आणि पायली मात्र आक्रसलेली असावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून दिवसभर "मोठ्याने बोला" असे टोकत राहणे हा उपाय नव्हे. त्याने रुग्ण ओशाळतो आणि माप तसेच राहते.

आता मराठीकडे वळू. कंपवाताच्या पुष्कळ रुग्णांचा आवाज वाक्याच्या आरंभी बरा असतो. श्वास सरत जातो तसा तो विरत जातो आणि अखेरचे शब्द ओठांतच राहतात. मराठी वाक्यात अखेरीस काय असते? क्रियापद, काळ, लिंग, वचन आणि मुख्य म्हणजे नकार. "मी दुपारची गोळी घेतली" आणि "मी दुपारची गोळी घेतली नाही" ही दोन वाक्ये शेवटच्या एका शब्दापर्यंत सारखी आहेत. तो शब्द विरला की अर्थ उलटतो. ज्या विकारात औषधाची वेळ पाळणे अत्यंत महत्त्वाचे, त्यात हा घोटाळा क्षुल्लक नव्हे. इंग्रजीत नकार मुख्य क्रियापदाच्या आधी येतो. नागपुरात ज्या हिंदीशी आपला नित्य संबंध, तिच्यातही "दवा नहीं ली" असा तो क्रियापदापूर्वी येतो. मराठीत मात्र नकाराची जागा बहुधा तीच असते, जेथे रुग्णाचा श्वास संपलेला असतो.

प्रश्नाचेही असेच आहे. "तू जेवलास" हे विधान आणि "तू जेवलास?" हा प्रश्न यांत भेद आहे तो केवळ सुराच्या चढाचा. आवाज एकसुरी झाला की तो भेद मावळतो, आणि "का" जोडावा तर तोही वाक्याच्या शेवटीच येतो. आजीने प्रश्न विचारला हेच कोणाला कळत नाही आणि मग तिला उत्तर मिळत नाही.

व्यंजनांच्या बाबतीत कात, खात, गात, घात ही चौकडी पाहावी. तिच्यातील भेद घोष आणि प्राण यांवर, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनावर आणि श्वासाच्या जोरावर अवलंबून आहेत. नेमकी हीच दोन साधने येथे दुबळी झालेली असतात. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत डोळ्याला 'डोया' आणि पाण्याला 'पानी' म्हणतात. बाहेरगावच्या तज्ज्ञाने याला उच्चारदोष समजू नये. रुग्णाचे आजचे बोलणे त्याच्याच पूर्वीच्या बोलीशी ताडून पाहावयाचे असते, पुस्तकी मराठीशी नव्हे.

उपायांपैकी ज्याला संशोधनाचा सर्वांत भक्कम आधार आहे, त्याचा आरंभ १९८७ साली अमेरिकेत लॉरेन रेमिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ली सिल्व्हरमन या रुग्ण महिलेचे नाव त्या पद्धतीला दिलेले आहे. आठवड्यातून ४ वेळा, प्रत्येकी १ तास, असे ४ आठवडे शिक्षण आणि घरी रोजचा सराव, असा तिचा क्रम असतो. दीर्घ "आ" भरघोस आवाजात लावणे, सूर चढविणे-उतरविणे आणि रोजच्या वापरातील दहा वाक्ये त्याच आवाजात म्हणणे, एवढ्यावर तिचा भर आहे. लक्ष्य एकच, आवाज मोठा. आणि रुग्णाला जो आवाज "फार मोठा" वाटतो तोच योग्य आहे, हे त्याच्या अंगवळणी पाडणे. ब्रिटनमध्ये ३८८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत या पद्धतीने, नेहमीच्या वाचा-उपचारांपेक्षा आणि उपचाराविना राहण्यापेक्षा, आवाजामुळे येणाऱ्या अडचणी अधिक कमी झाल्याचे दिसले. सराव अर्थात वाचा-उपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, कंठाची तपासणी करून घेऊनच सुरू करावा. पाणी पिताना ठसका लागत असेल वा जेवणानंतर आवाज ओलसर येत असेल, तर गिळण्याची क्रियाही बाधित झाली असण्याचा संभव आहे. अशा वेळी वैद्याकडे जाण्यास विलंब लावू नये.

परंतु ही दहा वाक्ये मराठीत कोणती असावीत? इंग्रजी वाक्यांची भाषांतरे येथे उपयोगी पडणार नाहीत. ज्यांचा भार शेवटच्या शब्दावर आहे अशी वाक्ये घ्यावीत आणि तो शब्द उच्चारण्यापूर्वी थांबून नवा श्वास घ्यावयास शिकवावे: "मी गोळी घेतली... नाही." दुसरा मार्ग मराठीनेच खुला ठेवला आहे. आपली वाक्यरचना लवचीक आहे. "मला चहा नको" याऐवजी "नको मला चहा" हेही अस्सल मराठीच होय, आणि नागपूरच्या घरात "नाही पायजे मले" हे सहज तोंडी येते. नकार आरंभी आणला की तो भरल्या श्वासावर उच्चारला जातो. सरावासाठी लहानपणी घोकलेले पाढेही उत्तम. ते पाठ असतात, त्यांना ठेका असतो आणि "बे दुणे चार" यात मोलाचे अक्षर शेवटीच येते. विदर्भात खंजिरीच्या भजनांची परंपरा घरोघर परिचित आहे. मात्र समूहात मिसळलेला आवाज ज्याचा त्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून रुग्णाने एखादे कडवे एकट्याने म्हणावे.

श्रोत्याचेही काही कर्तव्य आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात खिडकीतला कूलर अहोरात्र घोंघावत असतो. त्या आवाजात ३ डेसिबल कमी झालेले बोलणे बुडून जाते. महत्त्वाचे बोलणे असेल तर कूलर आणि दूरचित्रवाणी दोन मिनिटे बंद करावी, समोर बसावे, औषधाचा अंमल चढलेला असेल अशी वेळ निवडावी. कळले नाही तर मान डोलावू नये, जेवढे कळले तेवढे म्हणून दाखवावे आणि राहिलेला शब्द विचारावा: "गोळी घेतली, की नाही घेतली?" त्याचे वाक्य आपण पुरे करण्याची घाई करू नये, कारण आपण ते बहुधा होकारार्थी पुरे करतो.

वाक्याच्या शेवटासंबंधी येथे जे प्रतिपादन केले आहे ते भाषेच्या रचनेवरून काढलेले अनुमान आहे. ते पारखून पाहणे कठीण नाही. मराठी रुग्णांच्या संमतीने त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, अंत्य नकाराची व आद्य नकाराची वाक्ये अपरिचित श्रोत्यांना ऐकवावीत आणि किती जणांना अर्थ बरोबर कळला ते मोजावे. यासाठी लागते ते एक ध्वनिमुद्रणयंत्र, एक शांत खोली आणि वैद्यकशाखेचे सहकार्य. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हा विषय हाती घेईल, तर वाक्यविचार हे केवळ परीक्षेपुरते प्रकरण नाही याचा त्याला प्रत्यय येईल. तोवर निदान एवढे तरी करता येण्यासारखे आहे: घरातील वृद्धाचे वाक्य विरू लागले, की ते संपले असे न मानता शेवटच्या शब्दासाठी थांबावे.