बिल्ला गेला, नंबर राहिला

१९६८ सालच्या पावसाळ्यात माझ्या वडिलांची काळी रॅले सायकल वाचनालयाच्या दारातून नाहीशी झाली, आणि सुमारे चार महिन्यांनी पुण्यातीलच एका पोलीस ठाण्याच्या आवारात, गंजत पडलेल्या सायकलींच्या ढिगात, ती आम्हांला पुन्हा दिसली. दिसली असे म्हणतो, मिळाली असे म्हणत नाही. कारण कॅरियरला घातलेला जोड, डाव्या पायडलचे झिजलेले रबर आणि मागच्या मडगार्डावर माझ्याच हातून पडलेला पोचा ही ओळख आमच्या मनाला पटली, तरी ठाण्याच्या दप्तराला पुरेशी नव्हती. पालिकेचा बिल्ला चोराने उपटून टाकलेला, खरेदीची पावती घरात कोठेच सापडेना, आणि सीटखालच्या नळीवरचा नंबर स्पष्ट वाचता येत असूनही तो ताडून पाहावा असा दुसरा कागद आमच्यापाशी नव्हता. ठाणे अंमलदार सज्जन होते. त्यांनी वडिलांना खुर्ची दिली, पाणी दिले, आणि पुराव्यावाचून मुद्देमाल हाती देता येत नाही हे खालच्या आवाजात सांगितले. घरी परतताना वडील एक शब्दही बोलले नाहीत. चोर सायकल एकदा नेतो. पण तिची मालकी शाबीत करता आली नाही म्हणजे ती दुसऱ्यांदा जाते, आणि ही दुसरी हानी बव्हंशी आपल्याला टाळता येण्याजोगी असते, हे मला आज कळकळीने सांगावयाचे आहे.

त्या काळचे पुणे सायकलींचे होते. कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या वेळेला पुलांवरून सायकलींचा जो लोंढा वाहत असे, त्यातील सायकलींना पालिकेचा धातूचा बिल्ला लावलेला असे, आणि तो नसलेला इसम करवसुलीच्या शिपायाच्या हाती सापडला तर दंड भरल्यावाचून त्याची सुटका नसे. बिल्ल्याचा हेतू महसुलाचा होता, चोरी रोखण्याचा नव्हता. तथापि त्या निमित्ताने सायकल आणि तिचा धनी यांची नोंद एका सरकारी वहीत होई. तो कर मागे पडला तशी ती वहीही गेली. मोटारीला व स्कूटरला कायद्याने नोंदणी आहे, नोंदणीपुस्तक आहे. सायकलीला यांपैकी काहीच नाही. जपानने मात्र १९९४ पासून सायकलीची नोंदणी बंधनकारक केली असून, तेथे विक्रेताच नवी सायकल देताना ती नोंद करतो आणि क्रमांकाची चिठ्ठी सांगाड्यावर चिकटवतो, त्यामुळे बेवारस सापडलेल्या सायकलीवरून तिच्या मालकापर्यंत पोहोचणे पोलिसांना शक्य होते. आपल्याकडे उरला आहे तो कारखान्यात सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, आणि तो टिपून ठेवण्याचे काम ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.

या क्रमांकाचे मोल व्हित्तोरिओ दे सिका यांना नेमके उमगले होते. त्यांच्या १९४८ सालच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ या चित्रपटात, जो १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात आपल्याकडील रसिकांनी पाहिला, सायकलीवाचून जाहिराती चिकटवण्याची नोकरी टिकणार नाही हे जाणणारा अंतोनिओ रोमच्या बाजारात रंग दिल्या जात असलेल्या एका सांगाड्याचा संशय घेतो, शिपायाला बोलावून आणतो, आणि क्रमांक पडताळल्यावर ती सायकल आपली नव्हे हे त्याला मान्य करावे लागते. रंग बदलला, सुटे भाग बदलले तरी वाद मिटवणारी गोष्ट ती एवढीच. अंतोनिओपाशी ती होती, आमच्यापाशी नव्हती.

कुलपांविषयी थोडे सविस्तर लिहिणे अगत्याचे आहे, कारण बहुतेकांचा भरवसा चुकीच्या कुलपावर असतो. मागच्या चाकाला कायमचे बसवलेले कड्याचे कुलूप चाक फिरू देत नाही, पण अख्खी सायकल उचलून टेम्पोत टाकण्यास आडकाठी करत नाही. आणि प्लास्टिकच्या वेष्टणातले तारेचे कुलूप, मग ते किल्लीचे असो वा आकडे जुळवण्याचे, तार कापण्याच्या पकडीने पाहता पाहता तुटते. टणक पोलादाचे यू-आकाराचे कुलूप किंवा तशीच जाड साखळी हीच काय ती विश्वासाची साधने. ती लावावी कशी, याविषयी शेल्डन ब्राउन या २००८ मध्ये दिवंगत झालेल्या अमेरिकन सायकलतज्ज्ञाने सांगितलेली रीत मला सर्वांत बुद्धिमान वाटते: कुलूप सांगाड्याच्या नळीला न अडकवता मागच्या चाकाच्या रिमभोवती, परंतु सांगाड्याच्या मागच्या त्रिकोणाच्या आतल्या भागात, खांबासकट घालावे, चाक त्या त्रिकोणातून ओढून काढता येत नसल्यामुळे चाक आणि सांगाडा ही दोन्ही एकाच लहान कुलपात बांधली जातात, आणि कुलूप लहान असल्याने त्याच्या पोटात पहार वा जॅक शिरण्यास जागा राहत नाही. खांब मात्र असा हवा की ज्याच्या डोक्यावरून सायकल उचलून काढता येणार नाही. पुढचे चाक खटका ओढताच निघणारे असेल तर त्याला वेगळी साखळी घालावी.

तरीही अभेद्य कुलूप अद्याप निर्माण व्हावयाचे आहे. २००४ साली अमेरिकेत नळीसारख्या किल्लीची काही नामांकित कुलपे साध्या बॉलपेनच्या रिकाम्या नळीने उघडतात असे निष्पन्न झाले होते, आणि बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे तर उत्तमातले उत्तम कुलूपही वेळ काढण्यापलीकडे काही करू शकत नाही.

सायकल गेल्याचे ध्यानात येताच फिर्याद द्यावी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याप्रमाणे ती कोणत्याही ठाण्यात देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते. मात्र तशी पाठवल्यास तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. परंतु याच कायद्यात एक तरतूद आहे आणि ती मला सलते. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खालील साधी चोरी अदखलपात्र ठरते, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून पोलिसांना तपासच करता येत नाही. पन्नास हजारांची गिअरची सायकल दखलपात्र, आणि रखवालदाराची, पेपर टाकणाऱ्या मुलाची, दीड हजाराला घेतलेली जुनी सायकल, जिच्यावर त्याचा रोजगार उभा आहे, ती अदखलपात्र! हे न्यायाला धरून नाही असे माझे स्पष्ट मत आहे. चोरी राहत्या घरातून झाली असेल तर कलम ३०५ लागू होते, ते दखलपात्र आहे, आणि तेथे किमतीची ही मर्यादा आड येत नाही. म्हणून सायकल नेमकी कोठून गेली ते फिर्यादीत स्वच्छ लिहून द्यावे.

त्यानंतरचे एक-दोन दिवस महत्त्वाचे. आसपासच्या दुरुस्तीवाल्यांना नंबर व खुणा कळवाव्यात, कारण चोरीची सायकल बहुधा कोणाच्या तरी हाताखालून जातेच. ती कोणाच्या ताब्यात आढळली तर स्वतः झोंबाझोंबी न करता पोलिसांना बोलवावे. ‘मी पैसे मोजून घेतली आहे’ हे त्या इसमाचे म्हणणे खरे असले तरी त्याने मालकी बदलत नाही; १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार विकणाऱ्यापाशी जो हक्क नाही तो सामान्यतः घेणाऱ्याला मिळत नाही, आणि माल चोरीचा आहे हे जाणून घेणारा तर गुन्हेगारच ठरतो.

माल जप्त झाल्यावर तो दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने सुपूर्दनाम्यावर मालकाला परत मिळू शकतो. अशा वस्तू ठाण्याच्या आवारात कुजत पडू नयेत, पंचनामा करून व छायाचित्रे घेऊन त्या सत्वर सोडाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात बजावले आहे. मालक अज्ञात असेल तर दंडाधिकारी जाहीरनामा काढतो, सहा महिने वाट पाहिली जाते, आणि कोणी हक्क शाबीत केला नाही तर तो माल अखेरीस सरकारजमा होऊ शकतो. वडिलांच्या रॅलेचे पुढे काय झाले, ते विचारण्याचा धीर आम्हांला झाला नाही.

नंबर बहुधा पायडलच्या आसाखालच्या जाड नळकांड्यावर, किंवा सीटखालच्या नळीवर ठोकलेला असतो. नवी सायकल घेताना तो पावतीवर लिहून घ्यावा, सायकलीसह स्वतःचे एक छायाचित्र काढावे, आणि नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी गुंडाळी करून सीटच्या नळीत सोडून द्यावी, कारण चोर तेथे सहसा पाहत नाही. गेल्या रविवारी आमच्या इमारतीच्या रखवालदारांची सायकल आम्ही दोघांनी मिळून उलटी केली, चिखल व ग्रीस फडक्याने पुसले, वर खडू घासला, तेव्हा एकेक आकडा उजळत गेला. शेवटचा तीन की आठ याचा उलगडा होईना, म्हणून त्यांच्या मुलीने विजेरी आणली, गुडघ्यावर बसून तो नीट वाचला, आणि सगळा नंबर आपल्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला.