करिअर समुपदेशन कक्षातील ६०० तास

आपल्याकडील वृत्तांमध्ये ‘काउन्सेलिंग’ हा शब्द बहुधा प्रवेशाच्या हंगामात येतो आणि त्याचा अर्थ जागांचे वाटप असा असतो. भाषांतर करताना तेथे ‘समुपदेशन’ लिहावयास संकोच वाटतो, कारण गुणानुक्रमांक आणि रिक्त जागा यांचा मेळ घालताना कोणी कोणाचे ऐकून घेत नसते. या शब्दाचा मूळ अर्थ जेथे टिकून आहे, अशा ठिकाणांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील विद्यापीठांचे करिअर कक्ष. तेथे सल्ला देणारी व्यक्ती पुष्कळदा स्वतःही विद्यार्थीच असते. समुपदेशनाच्या पदव्युत्तर पदवीसाठी आवश्यक असलेली आंतरवासिता, म्हणजेच इंटर्नशिप, ती पूर्ण करीत असते.

शिकाऊ व्यक्तीच्या हाती दुसऱ्याच्या भवितव्याचा प्रश्न सोपविणे कितपत योग्य, अशी शंका येथे स्वाभाविक आहे. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या आणि १९८१ मध्ये स्थापन झालेल्या ‘केकरेप’ या अमेरिकी संस्थेने तिचे उत्तर तासांच्या हिशेबात दिले आहे. विद्यार्थ्याने प्रथम किमान १०० तासांचा प्राथमिक सराव करावयाचा असतो आणि त्यांपैकी ४० तास सल्ला घेणाऱ्यांसमवेत घालवावे लागतात. त्यानंतर ६०० तासांची आंतरवासिता येते. तीत अशा प्रत्यक्ष सेवेचे २४० तास बंधनकारक आहेत. उर्वरित वेळ नोंदी, कार्यशाळा, बैठका आणि पर्यवेक्षण यांत जातो.

या कामाचे स्वरूप समजून घेण्यासाठी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे उदाहरण उपयुक्त ठरते. टॅलाहासी येथील या विद्यापीठाच्या करिअर केंद्रात समुपदेशकांचे प्रशिक्षण आणि विद्यार्थ्यांची सेवा ही दोन्ही कामे दीर्घकाळ एकत्र चालत आली आहेत. गॅरी पीटरसन, जेम्स सॅम्पसन आणि रॉबर्ट रिअर्डन यांनी १९९१ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेली विचारपद्धती हा तेथील कामाचा पाया आहे. आलेल्या विद्यार्थ्याची निर्णय घेण्याची तयारी किती आहे, हे आधी पाहावे आणि त्यानुसार मदतीचे प्रमाण ठरवावे, असे हे सूत्र आहे. कोणाला केवळ माहिती पुरते, कोणाला अल्प साहाय्य लागते, तर कोणाला एकाच समुपदेशकाबरोबर अनेक भेटी घ्याव्या लागतात. ही पारख शिकणे, हेच प्रशिक्षणार्थीचे खरे काम होय.

त्यासाठी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली ४८ विधानांची एक प्रश्नावली वापरली जाते. निर्णय घेतानाचा गोंधळ, एकाच पर्यायाशी बांधून घेण्याची धास्ती आणि बाह्य संघर्ष अशा तीन गोष्टी तीतून मोजल्या जातात. बाह्य संघर्ष म्हणजे स्वतःचे मत आणि जवळच्या माणसांचे मत यांतील ओढाताण. अभियांत्रिकी की वाणिज्य, या प्रश्नावर घरातील दिवाणखान्यात झालेल्या चर्चा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना याचे अधिक स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

चूक होऊ नये, यासाठीची मुख्य तरतूद पर्यवेक्षणाची आहे. प्रशिक्षणार्थीला दर आठवड्यास सरासरी एक तास वैयक्तिक, किंवा आणखी एका सहाध्यायासमवेत, मार्गदर्शन मिळावे लागते. याखेरीज सरासरी दीड तासाची गटचर्चा असते. संमतीने केलेले संभाषणाचे ध्वनिमुद्रण पर्यवेक्षकासमोर ऐकले जाते किंवा पर्यवेक्षक प्रत्यक्ष भेटीवर लक्ष ठेवतात. आपण केव्हा घाईने सल्ला दिला आणि समोरच्याचे वाक्य केव्हा तोडले, हे स्वतःच्याच आवाजात ऐकणे सुखावह खचितच नसते.

या व्यवस्थेचे दुखणे मात्र पैशाचे आहे. आंतरवासितेला अभ्यासक्रमाचे श्रेयांक मिळतात, वेतन मिळेलच असे नाही. उलट त्या श्रेयांकांचे शुल्कच भरावे लागते. उच्चशिक्षण प्रशासनाच्या काही विद्यार्थ्यांना सहायकपदामुळे विद्यावेतन व शुल्कमाफी मिळते, परंतु सर्वांच्या वाट्याला ती येत नाही. ज्याला ६०० तास विनावेतन काम करणे परवडते, तोच पुढे समुपदेशक होतो. मग आर्थिक अडचणीमुळे निर्णय अडलेल्या विद्यार्थ्यासमोर तशी अडचण कधी न अनुभवलेली व्यक्ती बसण्याचा संभव वाढतो.

भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. एफ-१ व्हिसावर असताना विद्यापीठाबाहेरील अशा प्रशिक्षणासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. अभ्यासक्रमांतर्गत पूर्णवेळ प्रशिक्षण १२ महिने वा अधिक झाल्यास त्याच स्तरावरील पदवीनंतरच्या ऐच्छिक प्रशिक्षणाचा हक्क जातो. तसेच, कक्षात दिवसभर केवळ बायोडेटा दुरुस्त करावे लागणार आहेत काय, हेही आधीच विचारलेले बरे. बहुतेक विद्यार्थी प्रथम त्याच कामासाठी येतात, आणि त्यांच्या बोलण्यातून मूळ प्रश्न बाहेर येण्यास अवधी लागतो.

आपल्या देशातील काही विद्यापीठांमध्ये रोजगार माहिती व मार्गदर्शन केंद्रे आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सर्व विद्यार्थ्यांना व्यावसायिक समुपदेशन मिळावे, असे म्हटले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या मार्गदर्शन व समुपदेशन पदविकेत आंतरवासितेचा समावेश आहे, तथापि तिचा भर शालेय स्तरावर आहे. महाविद्यालयांत हे काम बहुधा प्लेसमेंट कक्षाकडे असते आणि त्याची जबाबदारी अनेकदा एखादे प्राध्यापक आपले अध्यापन सांभाळून पाहतात. कंपन्यांना बोलावणे, याद्या करणे, मुलाखतींची दालने ठरविणे यातच त्यांचा दिवस संपतो.