डबल-क्लिक केलं आणि शून्य गायब! कोणती फाइल कशात उघडायची, ते तुम्ही ठरवा



दिवाळीला दीड महिना असताना आमच्या परळच्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. त्या दादरला राहतात, घरूनच चकल्या, कडबोळी, अनारसे करतात आणि परदेशातल्या मराठी घरांत फराळाची पार्सलं पाठवतात. ऑर्डर ऑनलाइन फॉर्मवर येतात. त्यांची यादी ताई सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून घेतात आणि कुरिअरवाल्याला देतात. त्याचाच निरोप आला होता, "न्यू जर्सीचे सगळे पत्ते परत तपासा, पिनकोड चारच आकडी आहेत."

"सर, गिऱ्हाइकांनी पाचही आकडे नीट भरलेत. मी कशालाच हात लावला नाही. फक्त फाइल उघडली आणि सेव्ह केली."

तेवढंच पुरेसं असतं.

न्यू जर्सीचे पिनकोड ०७ किंवा ०८ ने सुरू होतात. एडिसनचा एक ०८८१७ आहे. स्प्रेडशीटला हे दिसलं की ती म्हणते, हा आकडा आहे, आकड्याच्या आधी शून्य कशाला? उरतं ८८१७. आपल्या गिरगावचा पिनकोड ४००००४, परळचा ४०००१२. भारतातला एकही पिनकोड शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे देशातल्या ऑर्डरींत ही भानगड कधी लक्षातच येत नाही. पहिलं परदेशी पार्सल निघतं तेव्हा कळते.

आता मूळ मुद्दा. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. हा फोन नंबर, हा पिनकोड, असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. त्याचा अर्थ लावतो तो उघडणारा प्रोग्राम. आणि तो प्रोग्राम कोणता, हे बहुतेक वेळा आपण ठरवलेलंच नसतं. कॉम्प्युटर घेतला, दुकानवाल्याने एक्सेल टाकून दिलं, की सीएसव्हीवर डबल-क्लिक केलं की एक्सेल उघडणार. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडणार. चालतंय ना, मग कशाला बघायचं?

बघायचं, कारण डबल-क्लिकने उघडलेल्या सीएसव्हीत आणखीही गोष्टी बिघडतात. अधिक चिन्ह आणि ९१ लावून लिहिलेला मोबाइल नंबर बारा आकडी होतो. एक्सेल अधिक चिन्ह काढून टाकतं आणि बाकीचं दशांश आणि घातांकाच्या रूपात दाखवतं. तसंच सेव्ह केलंत तर फाइलमध्ये तेच उरतं, मूळ नंबर परत मिळत नाही. एक्सेल पंधराच आकडे लक्षात ठेवतं, सोळाव्या जागी शून्य भरतं. काही बँकांचे खाते क्रमांक सोळा आकडी असतात, तेव्हा पैसे पाठवायच्या यादीत काय होईल त्याचा विचार करा. पाकिटाचा साइझ '५-१०' लिहिला तर त्याची तारीख होते. हे फक्त आपल्यासारख्यांनाच नडतं असं नाही. एक्सेल काही जनुकांच्या नावांची तारीख करत होतं, म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्या जनुकांची नावंच बदलली!

आणि मराठी नावं? फाइल युनिकोडमध्ये असली तरी डबल-क्लिकवर पुष्कळदा देवनागरीच्या जागी युरोपातली टोप्या घातलेली अक्षरं दिसतात. फाइल खराब झालेली नसते, चुकीच्या चष्म्यातून वाचलेली असते. घाबरून सेव्ह करू नका, तशीच बंद करा.

मी ताईंना सांगितलेला उपाय असा. लिबरऑफिस फुकट मिळतं, ते टाका. मग कुठल्याही सीएसव्ही फाइलवर राइट-क्लिक, 'ओपन विथ', 'चूज अनदर अ‍ॅप', त्यात लिबरऑफिस कॅल्क निवडून 'ऑलवेज'. विंडोज १० असेल तर 'ऑलवेज यूज धिस अ‍ॅप' वर टिक करायची. यापुढे सीएसव्ही उघडताना कॅल्क आधी एक खिडकी दाखवतं. 'कॅरेक्टर सेट' मध्ये युनिकोड यूटीएफ-८ ठेवा. खालच्या नमुन्यात पिनकोड, फोन, खाते क्रमांक अशा प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून 'कॉलम टाइप' टेक्स्ट करा. हे विसरलात तर कॅल्कसुद्धा शून्य खातं. फरक एवढाच की ते आधी विचारतं.

एक्सेलच वापरायचं असेल तर फाइलवर डबल-क्लिक नको. कोरी शीट उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, 'फाइल ओरिजिन' ६५००१ ठेवा आणि 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स' निवडा. काम चोख होतं, पण घाईत हात डबल-क्लिककडेच जातो, म्हणून मी मुळातला प्रोग्रामच बदलायला सांगतो.

बाकीच्या फाइलींचं थोडक्यात. पीडीएफ नुसती वाचायला ब्राउझर ठीक आहे. पण कुरिअरचं लेबल किंवा मसाल्याच्या पाकिटाचं स्टिकर छापायचं असेल तर वेगळा पीडीएफ रीडर ठेवा आणि छापताना 'अ‍ॅक्च्युअल साइझ' निवडा, नाहीतर लेबल आणि बारकोड आक्रसतो. आयफोनवरून आलेले एचईआयसी फोटो काही विंडोज कॉम्प्युटरवर उघडत नाहीत. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की पुढचे फोटो जेपीजी येतात. जीएसटीची जेसन फाइल पोर्टलवर चढवायची असते. ती नोटपॅडमध्ये बघा हवं तर, पण आत काही बदलू नका. आणि नाव बदलून फाइलचा प्रकार बदलत नाही हो! वर्डच्या फाइलच्या शेवटी पीडीएफ लिहिलं म्हणून तिची पीडीएफ होत नाही.

एक सेटिंग मात्र आजच करा. विंडोज फाइलच्या नावाची शेपटी, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं. त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' नावाची फाइल तुम्हाला फक्त 'बिल.पीडीएफ' दिसते. बिल समजून क्लिक करता आणि प्रोग्राम सुरू होतो. फाइल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू', 'शो', 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. जेएस आणि व्हीबीएस फाइलींसाठी नोटपॅड ठरवून टाका. चुकून क्लिक झालं तर नुसता मजकूर दिसेल, काही चालणार नाही. फोनवर हीच सावधगिरी एपीकेबाबत ठेवा. लग्नपत्रिका म्हणून एपीके पाठवून फसवणूक झाल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्याच होत्या.

ताईंचं नशीब, फॉर्मवरची मूळ यादी शाबूत होती. त्यांनी ती पुन्हा उतरवली, एक प्रत 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि दुसरी कॅल्कमध्ये उघडली. फोनवर मी एकेक कॉलम वाचून घेतला. पिनकोडचा कॉलम आला तेव्हा त्या म्हणाल्या, "शून्य आठ आठ एक सात. आहे!" लेबलं रात्री छापली. न्यू जर्सीची अकरा पार्सलं दुसऱ्या दिवशी दुपारी दादरहून निघाली, अनारसे वेगळ्या डब्यात, कारण ते मोडतात.