तिकिटाचा पैसा आणि नान्नजचा माळ

जंगल पाहायला जाणारा माणूस फाटकावर पैसे भरतो. ते पैसे पुढे कुठे जातात? एरवी ते सरकारी तिजोरीत जमा होतात आणि वनखात्याला अनुदानाची वाट पाहावी लागते. वन्यजीव कायद्यात 2006 साली दुरुस्ती झाली आणि व्याघ्र प्रकल्पांसाठी वेगळी वाट निघाली. ताडोबात प्रवेश शुल्क तिथल्याच व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे राहते आणि जंगलासाठी, भोवतालच्या गावांसाठी खर्च करता येते. अमेरिकेत स्की रिसॉर्ट सरकारी वनजमीन वापरण्याचे परवाना शुल्क भरतात; तेही स्थानिक जंगलाकडेच राहावे, अशी तिथली मागणी आहे.

सोलापूरजवळचे नान्नज 1979 पासून माळढोक अभयारण्य आहे. इथे वाघ नाही, म्हणून ती कायदेशीर सोयही नाही. पण माळालाही राखण लागते: उन्हाळ्यात वणवा रोखणाऱ्या जाळरेषा, काळविटांसाठी पाणवठे, गवतात घुसलेली गिरिपुष्पाची झाडे काढणे. वणवा अनुदानासाठी थांबत नाही. लांडगे आणि काळवीट पाहायला येणाऱ्यांचे तिकीट याच माळावर खर्च व्हावे, असे मला मनापासून वाटते. रक्कम ताडोबाच्या मानाने लहानच असेल, तरी फेब्रुवारीत जाळरेषा काढणाऱ्या मजुरांची मजुरी त्यातून वेळेवर देता येईल.