दोन ऋतूंचा म्हाकूळ

जपानच्या दक्षिणेला आमामी ओशिमा बेटावर एक गोष्ट सांगतात. रात्री मशालीच्या उजेडात मासे धरणाऱ्या कोळ्याच्या हातून जळकं लाकूड पाण्यात पडलं आणि म्हाकुळाने त्याला मिठी मारली. गोष्ट कितपत खरी कोण जाणे. पण अडीच-तीनशे वर्षांपूर्वी आमामीत आणि सात्सुमात, म्हणजे आजच्या कागोशिमात, लाकडाची कोळंबी कोरून म्हाकूळ गरवायला सुरुवात झाली हे खरं. या लाकडी आमिषाला एगी म्हणतात. शेपटाशी सुयांचं कडं, त्या सुयांना उलटा काटा नाही. दोरी क्षणभर सैल सोडली तरी म्हाकूळ सुटतो.

दीर्घकाळ हे काम पोटापाण्याचं होतं. लाकडाच्या जागी प्लास्टिक आलं, नायलॉनच्या जागी विणीची बारीक दोरी आली, आणि 2000 नंतरच्या दशकात हौशी मंडळींनी जपानचे धक्के आणि खडपं भरून गेली. मोसमाचं गणित मात्र कोळ्यांनी फार आधीच मांडून ठेवलं होतं आणि ते पूर्णपणे या प्राण्याच्या आयुष्यावर बेतलेलं आहे.

एगीला लागणारा आओरी-इका जातीचा म्हाकूळ जेमतेम एक वर्ष जगतो. एप्रिल ते जुलैच्या सुमारास तो काठाजवळच्या समुद्री शेवाळात येतो, बोटांसारख्या पांढऱ्या पिशव्यांतून अंडी घालतो आणि मरतो. महिनाभराने पिल्लं बाहेर पडतात. सप्टेंबरपासून ती काठालाच हुंदडत असतात, भुकेली आणि बेधडक. थंडी वाढली, पाणी पंधरा अंशांच्या खाली घसरलं की ती खोल पाण्यात उतरतात. त्यामुळे हौशी माणसाला ऋतू दोनच. वसंतात म्हाकूळ मोठा, दोन-तीन किलोंचाही, पण गळाला क्वचित लागणारा. शरदात लहान, पण पुष्कळ. ज्याला शिकायचं आहे त्याने शरदातच जावं, असं माझं ठाम मत आहे. वसंतातली प्रतिष्ठा छायाचित्रांपुरती असते; हात तयार होतो तो ऑक्टोबरात.

वेळ म्हणाल तर झुंजूमुंजू आणि तिन्हीसांज. म्हाकूळ डोळ्यांनी शिकार करतो आणि अंधुक उजेडात त्याचं पारडं जड असतं. गंमत अशी की बहुतेक म्हाकुळांना रंग दिसतच नाहीत. दुकानातल्या गुलाबी-नारिंगी एगीचा उपयोग आपल्यालाच जास्त, त्याला दिसतो तो उजेड-अंधाराचा फरक. पाणी वाहतं हवं. भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या घटकेत गळ फेकून काही हाती येत नाही. वारा पाठीवर घ्यावा, कारण समोरच्या वाऱ्याने दोरीला झोळ पडतो आणि म्हाकुळाची हलकी ओढ हाताला कळत नाही. मोठ्या पावसानंतर नदीच्या मुखाशी जाण्यात अर्थ नाही. गोडं पाणी त्याला सोसत नाही.

या सगळ्यापेक्षा भरवशाची खूण धक्क्याच्या दगडावर असते. काल-परवा कुणाला म्हाकूळ मिळाला असेल तर तिथे शाईचा डाग दिसतो. ताजा डाग काळाभोर, कडा ओघळलेल्या. जुना राखाडी, उन्हाने फिकटलेला. जाणकार माणूस पाण्याकडे पाहण्याआधी दगडांकडे पाहतो.

गेल्या काही वर्षांत हे जुनं गणित हललं आहे. कुरोशिओ हा उष्ण प्रवाह ऑगस्ट 2017 मध्ये नेहमीची वाट सोडून दूर वळला आणि एप्रिल 2025 पर्यंत तसाच राहिला. नोंदी सुरू झाल्यापासून एवढं लांबलेलं वळण दुसरं नाही. या काळात तोकाई किनाऱ्याकडे कोमट पाणी आलं, शिझुओकासारख्या भागातली शेवाळाची रानं विरळ झाली. शेवाळ नाही तर अंडी चिकटवायची कुठे? दुसरीकडे, दक्षिणेचा म्हणून ओळखला जाणारा आओरी-इका पार उत्तरेला आओमोरीतही गळाला लागू लागला. ठिकठिकाणी कोळी झाडांच्या फांद्यांच्या मोळ्या वजन बांधून तळाशी सोडतात, आणि त्या फांद्यांवर माद्या अंडी घालतात. हौशी लोकही काही ठिकाणी या कामाला हातभार लावतात. या छंदातलं हे मला सर्वांत मोलाचं काम वाटतं.

आओरी-इकाची ही जात भारताच्या किनाऱ्यांवरही आढळते. आपल्याकडे मात्र म्हाकूळ म्हणजे मुख्यतः ट्रॉलरच्या जाळ्यातला माल, आणि तो बहुतांशी वेगळ्या जातीचा. कोकणात कुणी एगीने गरवायचं म्हटलं तर जपानचे महिने इथे लावू नयेत. पण गोड्या पाण्याचा नियम इथेही तोच: पावसाळा सरून पाणी निवळेपर्यंत खाडीच्या तोंडाशी जाऊ नये.

तोक्यो-योकोहामाकडे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणी या शरदात इझू किंवा मिउराच्या धक्क्यावर जाणार असेल, तर दोन गोष्टी कराव्यात. तळहाताहून लहान म्हाकूळ लागला तर परत सोडावा. आणि निघताना बादलीभर पाणी ओतून शाईचा डाग धुवावा. कचरा आणि शाई यांच्या तक्रारींवरून कित्येक बंदरं हौशी लोकांना बंद झाली आहेत.