पाच युनिटचे गणित आणि आपली नातवंडे



नातवंडे दहावीत गेली की घरात ‘तीन युनिट’, ‘पाच युनिट’ असे शब्द ऐकू येतात. पुष्कळ आजी-आजोबा मला त्याचा अर्थ विचारतात, म्हणून लिहिते.

बग्रुत परीक्षेत गणित तीन, चार किंवा पाच युनिटचे घेता येते. तिनावरही सर्टिफिकेट मिळते. पण इंजिनियरिंग किंवा कॉम्प्युटर शिकायचे असेल तर पाच युनिटचा मोठा आधार होतो, आणि विद्यापीठे प्रवेश देताना त्याचे जादा गुण धरतात.

अडचण लहान गावांत येते. पाच युनिट घेणारी चार-पाचच मुले असली तर शाळेला त्यांच्यासाठी वेगळा वर्ग चालवणे जमत नाही. मग हुशार मूलही तिनावर थांबते. १९९० च्या सुमारास माझ्या मुलाचे असेच झाले. शाळेने सांगितले, मी मान हलवली आणि घरी आले. मी स्वतः शिक्षिका, पण गुरुजी सांगतात ते खरे, हाच आपला संस्कार. ती मान हलवल्याचे आजही वाईट वाटते.

२०१२ साली देशभरात जेमतेम नऊ हजार मुलांनी पाच युनिटची परीक्षा दिली. मग शिक्षण मंत्रालय, देणगीदार संस्था आणि मोठ्या कंपन्या एकत्र आल्या. काही वर्षांत हा आकडा दुप्पट झाला. त्याच २०१२ साली ऑनलाइन हायस्कूल सुरू झाले. वेगवेगळ्या गावांतली मुले कॉम्प्युटरवर एकाच शिक्षकाकडे गणित आणि फिजिक्स शिकतात, आणि कॉलेजचे विद्यार्थी लहान गटांची शिकवणी घेतात.

पण पाया आधीच भरावा लागतो. अपूर्णांक कच्चे राहिले तर पुढे पाच युनिट कुठून येणार? त्यासाठी ‘पेराख’ आहे. पेराख म्हणजे फूल. १९७४ साली रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये हे काम सुरू झाले. कॉलेजचा विद्यार्थी वर्षभर एका गरजू मुलाला दर आठवड्याला काही तास देतो, आणि त्याबद्दल त्याला स्कॉलरशिप मिळते. दोघांचेही भले होते.

तेव्हा नातवाला ‘तीनच घे’ असे सांगितले, तर लगेच हो म्हणू नका. मुलाला किंवा सुनेला शाळेत पाठवा आणि विचारायला लावा: हा निर्णय मुलाच्या गुणांवरून झाला, की शाळेत वर्ग नाही म्हणून? वर्ग नसेल तर ऑनलाइन सोय आहे का? धाकट्याला पेराख मिळेल का?

आपल्याला गणित सोडवता येत नसले, तरी एवढे विचारता नक्की येते. मी विचारले नव्हते.