टेकलेला गुडघा आणि प्रेक्षकांची कैफियत

दक्षिण लंडनमधील बर्मंडसी भागात मिलवॉल या संघाचे ‘द डेन’ नावाचे मैदान आहे. गोदीवरच्या कष्टकरी वस्तीने पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या या संघाचे दरवाजे महामारीमुळे मार्च महिन्यापासून प्रेक्षकांना बंद होते. ५ डिसेंबर २०२० रोजी डर्बी काउंटीविरुद्धच्या सामन्यासाठी जेव्हा अवघ्या २,००० लोकांना आत येण्याची मुभा मिळाली, तेव्हा इतक्या दीर्घ विरहानंतर आपल्या खेळाडूंचे दर्शन होताच हे लोक हर्षभरित होतील, अशी साहजिक अपेक्षा होती. सामना सुरू होण्यापूर्वी खेळाडूंनी वर्णद्वेषाच्या निषेधार्थ एक गुडघा जमिनीला टेकला. डर्बीचा कॉलिन काझिम-रिचर्ड्स मूठ उंचावून उभा राहिला. आणि त्याच क्षणी प्रेक्षागारातून हुर्यो उठली. आपल्या या कृतीमागे कोणत्याही राजकीय चळवळीचा पुरस्कार नाही, असा खुलासा मिलवॉलच्या खेळाडूंनी आदल्याच दिवशी जाहीरपणे केला होता, तरीही ती उठली. तीन दिवसांनी त्याच मैदानावर क्वीन्स पार्क रेंजर्सचा संघ आला. त्या दिवशी मिलवॉलचे खेळाडू गुडघा न टेकता हातात हात गुंफून उभे राहिले, पाहुण्यांपैकी अनेकांनी गुडघा टेकला, आणि त्याच प्रेक्षागाराने टाळ्यांचा गजर केला.

या दोन सामन्यांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न तेव्हापासून पुष्कळांनी केला आहे. मला त्यात जे महत्त्वाचे वाटते ते असे की, गुडघा टेकण्याची ही कृती प्रतिस्पर्ध्याला, संघचालकांना किंवा सरकारला उद्देशून असण्यापेक्षा प्रेक्षकाला उद्देशून अधिक होती. आणि म्हणूनच तिची खरी कसोटी रिकाम्या मैदानात नव्हे, तर दरवाजे उघडल्यानंतर सुरू झाली.

कृतीचा उगम अमेरिकेतला. तिकडच्या फुटबॉलमधील कॉलिन केपरनिक हा खेळाडू कृष्णवर्णीयांवरील अत्याचारांच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी प्रथम बसून राहत असे. नेट बॉयर या माजी सैनिकाशी सल्लामसलत केल्यानंतर १ सप्टेंबर २०१६ रोजी सॅन डिएगो येथे त्याने बसण्याऐवजी गुडघा टेकला, कारण धारातीर्थी पडलेल्या सोबत्यापुढे सैनिक असेच नतजानु होतात. पुढे २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात एका पोलीस अंमलदाराने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून त्याचा प्राण घेतला आणि या मुद्रेला एक भयंकर अर्थ प्राप्त झाला. त्याच महिन्याअखेर जर्मनीत मार्कस थुरामने गोल केल्यावर गुडघा टेकला, आणि १७ जून रोजी इंग्लंडमधील प्रीमियर लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर अ‍ॅस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड या दोन्ही संघांचे खेळाडू पंचांसह एकदम खाली वाकले. समोर होत्या त्या रित्या खुर्च्या. त्यांच्याकडून ना टाळी येणार होती, ना हुर्यो.

हुर्यो उडवणाऱ्यांची कैफियत ऐकून न घेता त्यांना सरसकट दोषी ठरवणे न्यायाचे होणार नाही. त्यांतील कित्येकांचे म्हणणे असे होते की, ज्या चळवळीचे नाव आरंभीच्या बारा सामन्यांत खेळाडूंच्या पाठीवर झळकले, तिच्या मागण्यांत पोलिसांचा निधी कमी करण्यासारखी कलमे आहेत आणि ती आम्हांला मान्य नाहीत. आठवडाभर राबून आम्ही इथे येतो, ते असे धडे घेण्यासाठी नव्हे. या आक्षेपाची दखल घेतली गेली होती. पुढच्या हंगामात बाहीवरचे बोधचिन्ह बदलून वर्णद्वेषाला थारा नाही एवढाच निःसंदिग्ध मजकूर ठेवण्यात आला, आणि खेळाडूंनीही पुनःपुन्हा सांगितले की आमचे मागणे केवळ समतेचे आहे. हा खुलासा ऐकल्यानंतरही जो हुर्यो उडवतो त्याची कैफियत माझ्या मते बरीच दुबळी होते. कारण निषेध करणारा तो, ज्यावर निषेध झाला ती भूमिका, आणि प्रत्यक्षात ज्याच्या कानांवर तो आवाज पडतो तो कृष्णवर्णीय तरुण, यांतले अंतर मैदानावर उरत नाही. त्या तरुणाला ऐकू येतो तो फक्त आपल्याच लोकांचा धिक्कार.

हा धिक्कार त्याच्या पूर्वसूरींनीही ऐकलेला आहे. २९ नोव्हेंबर १९७८ रोजी व्हिव्ह अँडरसन हा इंग्लंडच्या ज्येष्ठ संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. १९८२ साली सिरिल रेजिसची निवड झाली तेव्हा त्याला टपालाने बंदुकीची गोळी पाठवण्यात आली. १९८८ साली लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सच्या पायाशी गुडिसन पार्कवर केळे भिरकावले गेले. त्याने ते टाचेने बाजूला सारले, त्या क्षणाचे छायाचित्र जगभर गेले, आणि खेळ चालू राहिला. केळे फेकणारा हात एकच असतो. त्याच्या उजव्या-डाव्या बाजूला बसलेली माणसे मात्र शेकडो असतात. ती बहुधा सज्जन असतात, त्यांना ते कृत्य आवडलेलेही नसते, पण ती पुढे पाहत राहतात. वर्णद्वेषाचा खरा आधार हे मौनच होते, अशी माझी पक्की धारणा आहे.

कायद्याने या मौनावर तोडगा काढण्याचा यत्न केला. १९९१ च्या अधिनियमाने मैदानात वांशिक घोषणा देणे हा गुन्हा ठरवला; पण तो अशा रीतीने की, इतरांच्या सुरात सूर मिसळून ओरडणारा दंडास पात्र आणि एकटाच ओरडणारा मोकळा. ही उणीव दूर व्हायला १९९९ साल उजाडावे लागले. दरम्यान १९९३ मध्ये पुढे ‘किक इट आउट’ या नावाने ख्यातनाम झालेली मोहीम सुरू झाली. तथापि हुर्योला शब्द नसतात. तीवर कोणतेही कलम लावता येत नाही आणि लावूही नये. तिला उत्तर देऊ शकतो तो एकटा शेजारच्या आसनावरचा माणूस.

असे उत्तर मिळाल्याचा दाखला आहे. जून २०२१ मध्ये, युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या तोंडावर, मिडल्सब्रो येथे ऑस्ट्रिया आणि रुमानिया यांच्याविरुद्धच्या सराव-सामन्यांत इंग्लंडच्या खेळाडूंनी गुडघा टेकताच आपल्याच लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट हा मितभाषी गृहस्थ. त्याने ८ जून रोजी देशवासीयांस उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले आणि समता, सर्वसमावेशकता व वांशिक अन्याय यांविषयी बोलणे हे खेळाडूंचे कर्तव्यच आहे, असे त्यात मांडले. दस्तुरखुद्द गृहमंत्री प्रीती पटेल यांनी मात्र या कृतीची संभावना दिखाऊ राजकारण अशी केली आणि हुर्यो उडवावी की नाही हे लोकांनी ठरवावे, असा अभिप्राय दिला. १३ जून रोजी वेम्ब्लीवर क्रोएशियाविरुद्ध खेळाडू पुन्हा खाली वाकले. हुर्यो पुन्हा उठली, पण या खेपेस तिच्यावर टाळ्यांचा असा कडकडाट चढला की ती त्यात बुडून गेली. वर्षानुवर्षे पुढे पाहत राहिलेली माणसे त्या दिवशी बोलली, आणि त्यांना बोलायला लावले ते त्या टेकलेल्या गुडघ्याने.

११ जुलैच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध पेनल्टीच्या फटक्यांत रॅशफर्ड, सँचो आणि साका हे इंग्लंडचे तिघे कृष्णवर्णीय खेळाडू अयशस्वी ठरले आणि त्याच रात्री समाजमाध्यमांवर त्यांच्यावर वांशिक शिव्यांचा वर्षाव झाला. मँचेस्टरच्या विदिंग्टन भागातील रॅशफर्डचे भित्तिचित्र विद्रूप करण्यात आले; दुसऱ्या दिवशी लोकांनी येऊन त्या भिंतीवर पत्रे, फुले आणि कागदी हृदये लावली, आणि पाहता पाहता विद्रूप झालेला भाग झाकला गेला. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला दुबईत विश्वचषकाच्या क्रिकेट सामन्यापूर्वी भारतीय संघाने गुडघा टेकला, पाकिस्तानच्या खेळाडूंनी हृदयावर हात ठेवला. आणि पराभवानंतर मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून जे ऐकून घ्यावे लागले, ते आठवले की इंग्लंडकडे बोट दाखवताना आपला हात थरथरला पाहिजे.

सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट बुडापेस्टमधली आहे. तेथे जून २०२१ मध्ये आयर्लंडच्या खेळाडूंची गुडघा टेकल्याबद्दल हुर्यो उडवली गेली, आणि पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांनी प्रेक्षकांची बाजू घेत म्हटले की, हंगेरीचा माणूस गुडघे टेकतो ते देवापुढे, देशापुढे आणि लग्नाची मागणी घालताना. प्रत्येक समाजाला आपल्या शरीरमुद्रांचे अर्थ ठरवण्याचा अधिकार आहे, हे मान्य करूनही मला पुढच्या घटनेचे समर्थन सापडत नाही. हंगेरीच्या प्रेक्षकांच्या आधीच्या वर्तनाबद्दल युरोपीय महासंघाने प्रेक्षकबंदीची शिक्षा फर्मावली होती. परंतु नियमांत अशी सवलत होती की, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना सोबतीच्या मोठ्यांसह आत सोडता येते. ४ जून २०२२ रोजी इंग्लंडविरुद्धच्या सामन्याला तीस हजारांहून अधिक प्रेक्षक पुष्काश मैदानात आले, बहुतांश मुले. खेळाडूंनी गुडघा टेकला आणि या मुलांनी हुर्यो उडवली. आदल्या सप्टेंबरात प्रागमध्येही, स्पार्टा विरुद्ध स्कॉटलंडचा रेंजर्स या सामन्यात, अशाच सवलतीने आत आलेल्या शाळकरी मुलांच्या प्रेक्षागारातून रेंजर्सचा कृष्णवर्णीय खेळाडू ग्लेन कामारा याच्या नावाने आरडाओरडा झाला होता. दहा वर्षांच्या मुलाला अमेरिकन चळवळीची कलमे ठाऊक नसतात आणि पोलिसांच्या निधीशी त्याला कर्तव्य नसते. तो केवळ घरच्या थोरांचे ऐकून ओरडतो. शिक्षा थोरांना झाली आणि त्यांचा आवाज त्यांच्या मुलांनी मैदानात नेला.

आता कृतीच्या मर्यादेविषयी. प्रत्येक सामन्यापूर्वी होणारी गोष्ट हळूहळू रिवाजात जमा होते. क्वीन्स पार्क रेंजर्सचे तत्कालीन संचालक लेस फर्डिनंड, जे स्वतः कृष्णवर्णीय आहेत, त्यांनी सप्टेंबर २०२० मध्येच हा धोका दाखवला होता. मार्च २०२१ मध्ये क्रिस्टल पॅलेसचा विल्फ्रेड झाहा गुडघा न टेकता उभा राहिला. आईवडिलांनी मला ताठ मानेने उभे राहायला शिकवले आहे, अशी त्याची भूमिका होती. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रीमियर लीगच्या कर्णधारांनी ही कृती ठराविक सामन्यांपुरती ठेवण्याचा निर्णय घेतला. या मंडळींचा आक्षेप हुर्यो उडवणाऱ्यांच्या आक्षेपाशी जोडणे हा अन्याय होईल, कारण त्यांना कमी नव्हे, अधिक हवे होते.

जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधील महिलांच्या स्पर्धेत इंग्लंडच्या जेस कार्टरला समाजमाध्यमांवरून वांशिक शिवीगाळ झाली, आणि तिच्या सहकारिणींनी उपांत्य सामन्यापूर्वी गुडघा न टेकता उभे राहण्याचे ठरवले. ही मुद्रा पुरेशी उरली नाही, दुसरा मार्ग शोधला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटते, कारण शिवी देणारा आता प्रेक्षागारात नाही. तो आपल्या घरी एकटा बसलेला असतो, त्याच्या उजव्या-डाव्या बाजूला कोणी नसते, आणि वेम्ब्लीवर ज्या टाळ्यांनी हुर्यो बुडवली त्या त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्याला हुडकून काढायचे तर पोलिसांना समाजमाध्यमांच्या कंपन्यांकडून त्याचा ठावठिकाणा मिळाला पाहिजे, आणि तोही वेळेत. ब्रिटनमध्ये २०२२ च्या कायद्याने अशा ऑनलाइन गुन्ह्यासाठीही मैदानबंदीचा हुकूम काढण्याची तरतूद केली आहे. परंतु हुकूम बजावायचा कोणावर, हे कळण्यासाठी आधी त्या कंपन्यांनी आपली दप्तरे उघडली पाहिजेत.